शेन स्पेन्सरच्या २७ मॅच: आमच्या टेबलटॉप बेसबॉल लीगमधल्या एका नियमाचं प्रकरण

प्रकरण खरं आहे, माणसांची नावं गाळलीयेत. लीगमधल्या दोघांना मी हे लिहितोय हे माहीत आहे, बाकीच्यांना मराठी येत नाही. एकाच ओळीच्या नियमावरून अख्खा सीझन कसा अडकला, कोणी काय सुचवलं, शेवटी काय केलं आणि त्यातलं काय चुकलं, एवढंच लिहायचंय.

पार्श्वभूमी

मी न्यू जर्सीत राहतो. हिवाळ्यात इथे पाचच्या आत अंधार पडतो, मग माणसाला काहीतरी उद्योग लागतो. आमचा उद्योग म्हणजे स्ट्रॅट-ओ-मॅटिक, टेबलावर फासे आणि कार्डं घेऊन खेळायचा बेसबॉल. हॅल रिचमन नावाच्या माणसाने हा गेम १९६१ साली बाजारात आणला, कंपनी इथून जवळच, लाँग आयलंडवर. ज्यांनी शाळेत बाकाखाली बुक क्रिकेट खेळलंय त्यांना कल्पना लगेच कळेल. फरक इतकाच की बुक क्रिकेटमध्ये तेंडुलकर आणि अकरा नंबरचा बॉलर दोघांना एकच पुस्तक, एकच नशीब. इथे प्रत्येक खऱ्या खेळाडूचं त्या वर्षीच्या आकड्यांवरून बनवलेलं स्वतःचं कार्ड असतं. तीन फासे टाकायचे, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. त्यावर १ ते ३ आलं तर बॅटरच्या कार्डावरचा कॉलम बघायचा, ४ ते ६ आलं तर पिचरच्या (पिचर म्हणजे बेसबॉलचा बॉलर). उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. म्हणजे एकूण २१६ शक्यता, त्यातल्या १०८ बॅटरच्या हातात आणि १०८ पिचरच्या. काही ठिकाणी वर आणखी एक वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. एक मॅच अर्ध्या तासात होते, चहा थंड व्हायच्या आत म्हणा.

लीगमध्ये आठ टीम. दरवर्षी एक जुना सीझन निवडायचा, सगळे खेळाडू एका ढिगात टाकायचे आणि ड्राफ्ट करायचा, म्हणजे आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा. प्रत्येकाकडे २५ खेळाडू. प्रत्येकाशी चार-चार मॅचच्या दोन सिरीज, म्हणजे टीममागे ५६ मॅच. मग पहिल्या चार टीमची प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. समोरासमोर जमलं तर कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये, नाहीतर व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर फासे टाकून. त्या वर्षी आम्ही १९९८ घेतलं होतं, म्हणजे मार्क मॅग्वायरचे ७० होमरन (होमरन म्हणजे क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका), सॅमी सोसाचे ६६, न्यू यॉर्क यांकीज या टीमचे ११४ विजय, ते वर्ष.

माणसं ओळखायला सोपी जावीत म्हणून टोपणनावं देतो. मास्तर: रिटायर झालेले हायस्कूलचे गणिताचे शिक्षक, आमचे कमिशनर, लीग त्यांनीच चालू केली. टॅक्सवाला: लोकांचे टॅक्स भरून देतो, व्यवसायाचा परिणाम स्वभावावर झालेला. डॉक्टर: दातांचे. पुणेकर: लीगमधला दुसरा मराठी माणूस. गॅरेजवाला, अजून दोघं ज्यांचा या गोष्टीत फार संबंध नाही, आणि मी. माझ्याकडे स्कोअरशीट गोळा करून एक्सेलमध्ये भरायचं काम, म्हणजे हिशेबनीस.

आमचे घरचे नियम दोन पानांचे होते. मागे वळून बघताना हसू येतं, कारण फासा टेबलावरून खाली पडला तर काय, कार्डाला टेकून तिरका उभा राहिला तर काय, कुत्र्याने तोंडात घेतला तर काय (हे झालेलं आहे), यावर अर्धं पान होतं. आणि खेळाडू किती वापरायचा यावर एक ओळ. नियम ९: कुठलाही खेळाडू त्या वर्षी खऱ्या आयुष्यात जितक्या मॅच खेळला त्यापेक्षा जास्त मॅच खेळवायचा नाही. बस. मास्तरांनी ही ओळ त्यांच्या जुन्या कॉलेजमित्रांच्या लीगमधून जशीच्या तशी उचलली होती. ती लीग पूर्ण १६२ मॅच खेळायची. आम्ही ५६ खेळतो. हा फरक आठपैकी सात जणांच्या डोक्यात कधी आलाच नाही.

आठव्याच्या आला.

अडचण काय झाली

शेन स्पेन्सर. १९९८ च्या यांकीजचा नवखा आउटफिल्डर. त्या वर्षी तो फक्त २७ मॅच खेळला, ६७ अ‍ॅट-बॅट (बॅटिंगला आलेल्या वेळा, पण वॉक म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस वगैरे सोडून), त्यात २५ हिट, १० होमरन, सरासरी (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) .३७३. एकट्या सप्टेंबरमध्ये तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना मारलेले होमरन. नंतरच्या वर्षांत तो तसा कधीच खेळला नाही, पण कार्डाला नंतरचं काय माहीत, कार्ड त्या ६७ अ‍ॅट-बॅटवरूनच बनतं.

आता पीए हा शब्द पुढे खूप वेळा येणार आहे म्हणून सांगून ठेवतो. पीए (प्लेट अपिअरन्स) म्हणजे बॅटर बॅटिंगला जितक्या वेळा येतो त्या सगळ्या वेळा, वॉक वगैरे धरून. स्पेन्सरचे पीए ७३, मॅग्वायरचे ६८१. पीएमागे होमरन काढले तर मॅग्वायर १०.३ टक्के आणि स्पेन्सर १३.७ टक्के. म्हणजे ज्या माणसाने ७० मारून अमेरिका वेडी केली त्याच्यापेक्षा या पोराचं कार्ड जास्त घातक. ढोबळ गणित केलं तर स्पेन्सरच्या कार्डावर फासा पडला की चारातला जवळजवळ एक होमरन.

असं कार्ड ताब्यात ठेवायलाच वापराचा नियम असतो. आणि आमची लीग लहान असल्यामुळे तो जास्तच गरजेचा होता. १९९८ मध्ये ३० टीम होत्या, त्यातले फक्त २०० खेळाडू आम्ही उचलतो, म्हणजे सगळ्यांकडेच भारी नेहमीचे खेळाडू असतात. अशा वेळी टीममध्ये फरक पाडतात ते असे थोडं खेळलेले पण आकडे वेडे असलेले लोक.

ड्राफ्टमध्ये स्पेन्सरला डॉक्टरने शेवटच्या फेरीत घेतलं, गंमत म्हणून. आठवड्याभरात टॅक्सवाल्याने स्पेन्सरच्या बदल्यात डॉक्टरला केनी रॉजर्स देऊ केला, त्या वर्षी २३८ इनिंग (इनिंग म्हणजे तीन आउटची एक पाळी, मॅचमध्ये अशा नऊ) टाकून १६ मॅच जिंकलेला खणखणीत पिचर, आणि वर पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची पाळी. एका पार्ट-टाइम पोरासाठी! डॉक्टर तर पार्टी द्यायला निघाला होता. आम्ही सगळे टॅक्सवाल्याला हसलो. पुणेकर मला म्हणाला, "अरे, याला काय झालंय, रॉजर्स देतोय? तब्येत बरी आहे ना त्याची?"

तब्येत उत्तम होती. नियम ९ त्याने वाचला होता, आम्ही फक्त पाहिला होता. स्पेन्सर खऱ्या आयुष्यात २७ मॅच खेळला, त्यामुळे आमच्या ५६ पैकी २७ मॅचमध्ये त्याला खेळवायला पूर्ण मोकळीक. आणि मॅच म्हणजे मॅच, एकदा पिंच हिटर म्हणून (ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी फक्त बॅटिंगला) आला तरी एक मॅच आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळला तरी एकच. खऱ्या स्पेन्सरला मॅचमागे सरासरी २.७ पीए मिळाले होते, कारण तो बऱ्याचदा मधेच यायचा. टॅक्सवाला त्याला दुसऱ्या नंबरला टाकून पूर्ण मॅच खेळवायचा, मॅचमागे साडेचारच्या आसपास. म्हणजे पूर्ण १६२ मॅचच्या लीगमध्ये सुद्धा हा नियम गळकाच ठरला असता, २७ पूर्ण मॅच खेळवल्या तर ७३ ऐवजी ११६ तरी पीए होतात. आमच्याकडे तर बुडच नव्हतं.

पहिला अर्धा सीझन संपत आला तेव्हा, म्हणजे २८ मॅचनंतर, स्पेन्सरचा हिशेब असा: १४ मॅच, ६२ पीए, ८ होमरन. प्रमाणात धरलं असतं तर ७३ गुणिले ५६ भागिले १६२, म्हणजे अख्ख्या सीझनला २५ पीए. तो अर्ध्यातच अडीचपट गेला होता. टॅक्सवाल्याची टीम १९-९ (१९ जिंकल्या, ९ हरल्या), पहिली. मास्तर १८-१०, दुसरे. मी १५-१३.

सातव्या सिरीजमध्ये टॅक्सवाला विरुद्ध डॉक्टर. चौथ्या मॅचमध्ये स्पेन्सरने दोन होमरन मारले, दुसरा नवव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना. डॉक्टरने कार्ड उचललं, उलटसुलट बघितलं, आणि शांतपणे म्हणाला की मी पुढची मॅच खेळणार नाही. मग मेसेज सुरू झाले. "फसवणूक" हा शब्द आला. टॅक्सवाल्याचं उत्तर एका ओळीचं: नियम ९ मधला मी मोडलेला शब्द दाखवा. आणि दुसऱ्या ओळीत, हा खेळाडू मला तूच विकलास.

माझी स्वतःची भानगड

इथे थांबून एक कबूल करायला पाहिजे. हे मला तिसऱ्या आठवड्यातच दिसलं होतं. एक्सेल मीच भरतो, स्पेन्सरच्या ओळीत २९ पीए झालेले मी स्वतः टाइप केले. गप्प बसलो. कारण माझ्याकडे ट्रेव्हर हॉफमन होता, रिलीव्हर, म्हणजे मॅचच्या शेवटी शेवटी येणारा पिचर.

१९९८ चा हॉफमन म्हणजे ५३ सेव्ह (शेवटी आघाडी टिकवून जिंकून दिलेल्या मॅच), १.४८ ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला), ७३ इनिंग. हो, योगायोगाने आकडा तोच, ७३. त्यामुळे प्रमाणात त्याच्याही वाट्याला आमच्या सीझनमध्ये २५ इनिंग यायला हव्यात. मी त्याला पहिल्या २८ मॅचमध्ये २२ इनिंग वापरला होता. रिलीव्हरवर तर आमच्या नियमात तेवढीही मर्यादा नव्हती, कारण तो खऱ्या आयुष्यात ६६ मॅचमध्ये आला होता आणि आमच्या मॅचच मुळात ५६. म्हणजे मी त्याला रोज आणला असता तरी नियमात बसत होतं. टॅक्सवाल्याने शोधून काढलं आणि माझ्या हातून आपोआप झालं, एवढाच फरक. टॅक्सवाल्याला चोर म्हणताना माझी जीभ जरा जड झाली ती त्यामुळे.

समोर काय काय पर्याय होते

शनिवारी मास्तरांच्या बेसमेंटमध्ये सगळे जमलो. माझे बाबा तेव्हा सांगलीहून आले होते, घरी एकटे कंटाळतात म्हणून त्यांनाही नेलं. ते कोपऱ्यात चिप्स खात बसले.

टॅक्सवाल्याचं म्हणणं सरळ होतं. सीझन आहे तसा पूर्ण करा, पुढच्या वर्षी नियम बदला. मी वाचून, किंमत मोजून खेळाडू घेतला, तुम्ही वाचलं नाही ही माझी चूक नाही. खरं सांगतो, यात दम होता. लेखी नियमावर भरवसा ठेवून कोणी पिक आणि पिचर दिला असेल तर अर्ध्यात त्याच्या पायाखालचं जाजम ओढणं बरोबर नाही. पण दुसऱ्या बाजूला अजून १३ मॅच स्पेन्सर पूर्ण खेळणार हे माहीत असताना बाकीचे सात जण जानेवारी ते मार्च फासे टाकत बसतील ही अपेक्षाही फोल होती. दोघांनी सरळ सांगितलं की आम्ही सोडतो.

डॉक्टरला उलटं टोक हवं होतं. स्पेन्सरने २५ पीए ओलांडले ती त्याची सहावी मॅच. त्यानंतरच्या आठ मॅच रद्द धरून समोरच्याला द्या. त्या आठपैकी सहा टॅक्सवाल्याने जिंकलेल्या. मी तिथेच हिशेब करून दाखवला, १९-९ चं १३-१५ होतं. आणि पहिल्या नंबरवर कोण येतं? मास्तर. जे कमिशनर आहेत आणि ज्यांनी नियम लिहिला होता.

बेसमेंटमध्ये एकदम शांतता. बाबांनी मला हळूच विचारलं काय चाललंय, मी दोन वाक्यांत सांगितलं. ते आमच्या सांगलीच्या अपार्टमेंटचे अकरा वर्षं सेक्रेटरी होते. म्हणाले, "अरे, मागच्या तारखेपासून मेंटेनन्स वाढवला ना, की भरणारा पण भांडतो आणि न भरणारा पण. आणि चेअरमनचा फ्लॅट सोडून वाढवला तर मग विचारूच नकोस." मी ते इंग्रजीत सांगितलं. अमेरिकन लोकांना अपार्टमेंटचं मेंटेनन्स म्हणजे काय ते समजायला वेळ लागला, पण मास्तर लाल झाले, म्हणजे त्यांना समजलं.

पुणेकराने एक डोकेबाज पर्याय काढला. मर्यादा संपल्यावर स्पेन्सरला खेळवता येईल, पण त्याच्या कार्डावर होमरन आला की वीसचा फासा टाकायचा, १ ते १० आलं तर होमरन, नाहीतर फ्लाय आउट, म्हणजे झेल. थकवा दाखवायचा म्हणे. कागदावर छान. पण खेळताना प्रत्येक रोलला कोण लक्षात ठेवणार, आणि विसरलं तर मागे जाऊन मॅच उलटवायची का? कार्डाला हात लावायचा नाही, वापराला लावायचा, या मताचा मी आहे. कार्ड बदलायला लागलो की तो खेळ राहत नाही. हा पर्याय पाच मिनिटांत पडला, पुणेकर अजून रागावलेला आहे.

गॅरेजवाल्याने विचारलं, ट्रेडच उलटवू, स्पेन्सर डॉक्टरकडे, रॉजर्स परत. पण रॉजर्स डॉक्टरकडून पन्नासच्या वर इनिंग टाकून बसला होता, त्या काय परत करणार.

उरला मधला रस्ता: झालेल्या मॅचला हात लावायचा नाही, आजपासून पुढच्या २८ मॅचसाठी प्रमाणात मर्यादा. मत घेतलं तर ४-४. नियम बदलायला किती मतं लागतात हे दोन पानांत कुठेच नव्हतं. कुत्र्याबद्दल होतं.

काय ठरलं आणि कसं

मास्तर निर्णायक मत टाकायला निघाले होते. मी तोंड उघडलं ते इथे, आणि सगळ्या प्रकरणात मी एकच बरोबर गोष्ट केली असेल तर ती हीच. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि फक्त स्पेन्सरचा नाही, सगळ्या आठ टीमचा, प्रत्येक खेळाडूचा वापर लावला, शेजारी प्रमाणातला आकडा. हॉफमनची ओळ पहिली दाखवली. २२ झाले, अख्ख्या सीझनचा हक्क २५.

मग लोक आपापल्या टीमच्या ओळी शोधायला लागले. आठपैकी पाच टीममध्ये कोणी ना कोणी प्रमाणाबाहेर होतं. खुद्द डॉक्टरचा एक बॅकअप कॅचर सव्वापट गेला होता, आणि मास्तरांचा एक लेफ्टी रिलीव्हर माझ्या हॉफमनच्या अगदी मागे. त्या क्षणी विषयच बदलला. आधी प्रश्न होता टॅक्सवाल्याचं काय करायचं, आता झाला आपल्या सगळ्यांचं काय करायचं. आवाज खाली आले. दुसऱ्यांदा मत घेतलं तेव्हा मधल्या रस्त्याच्या बाजूने सात, विरुद्ध एक. तो एक डॉक्टर, त्याला अजूनही आठ मॅच हव्या होत्या. टॅक्सवाल्याने बाजूने मत दिलं, कारण झालेल्या १९ जिंकलेल्या मॅच सुरक्षित झाल्या. तो हिशेब त्याने सगळ्यात आधी केला असणार.

नवा नियम असा झाला. खऱ्या सीझनमध्ये ५०० किंवा जास्त पीए असलेल्या बॅटरवर मर्यादा नाही, कारण रोज खेळणाऱ्या माणसाला आमच्याकडे मॅचमागे सव्वाचार-साडेचार पीए मिळतातच आणि त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याखालच्या सगळ्यांना खऱ्या पीएच्या ११० टक्के, आपल्या मॅचच्या प्रमाणात, अपूर्णांक वरच्या बाजूला. रिलीव्हरला तेच, पीएच्या जागी इनिंग. स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅच सुरू करणारे, आधीपासून पाच दिवसांच्या रोटेशनवर आहेत (पाळीपाळीने येतात), ते तसेच. उरलेल्या २८ मॅचसाठी स्पेन्सरला १४ पीए, हॉफमनला १४ इनिंग. मर्यादा ओलांडली तर त्या मॅचपुरता प्रतिस्पर्धी जिंकला, अपील नाही.

टॅक्सवाल्याला भरपाई म्हणून पुढच्या वर्षी तिसऱ्या फेरीनंतर एक जादा पिक. डॉक्टर म्हणाला, चोराला बक्षीस. मला वाटतं ती भरपाई गरजेची होती, त्याशिवाय तो "मला फसवलं" म्हणत वर्षानुवर्षं बसला असता, आणि आमच्या लीगमध्ये माणसं सात-आठच आहेत.

मग रात्री साडेअकराला कोणीतरी विचारलं, प्लेऑफचं काय? जुन्या नियमात "सीझन" असा शब्द नव्हताच. प्रमाण लावलं तर सात मॅचच्या सिरीजला स्पेन्सरचे ४ पीए होतात. टॅक्सवाला उसळला. म्हणाला खऱ्या १९९८ मध्ये स्पेन्सर प्लेऑफ खेळलाय, टेक्सस रेंजर्सविरुद्धच्या सिरीजमध्ये दोन होमरन मारलेत, आणि तुम्ही त्याला चार वेळा बॅटिंग देताय? हे खरं होतं, त्या सिरीजमध्ये यांकीजनी टेक्ससला ३-० ने काढलं होतं आणि स्पेन्सरने दोन मारले होते. सगळे दमलेले, कोणालातरी घरी जायचं होतं, दुप्पट करून ८ वर मिटवलं. आकड्यामागे काही तर्क नव्हता, घड्याळ होतं.

निकाल

गमतीची गोष्ट म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात टॅक्सवाल्याने स्पेन्सर जास्त हुशारीने वापरला. एकदाही सुरुवातीपासून खेळवला नाही. सातव्या-आठव्या इनिंगला, बेसवर दोन माणसं असताना, पिंच हिटर म्हणून. खऱ्या मॅनेजरने केलं असतं तसं. १४ पीएमध्ये दोन होमरन, दोन्ही मॅच फिरवणारे. तो उठून डगआउटमधून आला (म्हणजे कार्ड पाकिटातून आलं) की बेसमेंटमध्ये लोक खुर्चीत पुढे सरकायचे. हे पहिल्या अर्ध्यात नव्हतं.

तरी टॅक्सवाला ३५-२१ वर थांबला आणि मास्तर ३६-२० वर, एका मॅचने पहिले. याबद्दल कोणी काही बोललं नाही. मास्तरांनी मत दोन्ही वेळा दिलं होतं हे सगळ्यांना आठवत होतं.

माझं हॉफमनशिवाय कसं झालं ते फार सांगत नाही. १४ इनिंग बाविसाव्या मॅचलाच संपल्या, शेवटच्या सहा मॅचमध्ये तीन वेळा नवव्या इनिंगला आघाडी घालवली, पाचवा आलो, प्लेऑफ हुकली. केलेलं फेडलं म्हणायचं.

आणि सेमीफायनलमध्ये नव्या नियमाला नवीन भोक पडलं. टॅक्सवाला विरुद्ध गॅरेजवाला. पहिल्या मॅचमध्ये स्पेन्सर पिंच हिटर म्हणून आला, गॅरेजवाल्याने मुद्दाम वॉक दिला. दुसऱ्या मॅचमध्ये परत. तिसऱ्यात परत, तेही बेस मोकळे असताना. टॅक्सवाल्याला कळेना हा असं का करतोय, मग प्रकाश पडला: मुद्दाम दिलेला वॉकसुद्धा पीएमध्येच मोजतात. गॅरेजवाला एकही चेंडू न टाकता त्याचा कोटा संपवत होता. आठातले चार असे गेले. सिरीज गॅरेजवाल्याने ४-२ ने घेतली आणि पुढे मास्तरांना हरवून तोच चॅम्पियन झाला, ज्याच्या टीममध्ये एकही पार्ट-टाइम खेळाडू नव्हता आणि जो या सगळ्या भांडणात जेमतेम दोनदा बोलला होता. टॅक्सवाल्याने तक्रार केली नाही. गॅरेजवाल्याशी हात मिळवताना म्हणाला, चांगलं वाचलंस.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझंच. तिसऱ्या आठवड्यात बोललो असतो तर स्पेन्सरचे २९ पीए होते, ६२ नाही, आणि हॉफमनच्या सात-आठ इनिंग. तेव्हा नियम दुरुस्त करायला अर्धा तास लागला असता. आता वापराचा कॉलम दर रविवारी सगळ्यांना जातो, कोणी मागितला नाही तरी. त्यात ८० टक्क्यांच्या वर गेलेला खेळाडू पिवळा होतो. एवढ्या एका कॉलमने नियमांच्या दोन पानांपेक्षा जास्त काम केलंय.

मर्यादा मॅचमध्ये मोजणं ही मूळ चूक. मॅच हे माप बॅटरसाठी खोटं आहे, पीए किंवा इनिंग हेच खरं काम. काही लीग वेगळा रस्ता घेतात, ड्राफ्टलाच चाळणी लावतात, अमुक पीएच्या खाली असलेला खेळाडू घ्यायचाच नाही. सोपं आहे, हिशेब ठेवायला लागत नाही, पण मला ते रुक्ष वाटतं. स्पेन्सरसारखी माणसं म्हणजेच तर त्या वर्षाची आठवण.

दुसरं मतदानाचं. ज्याची जागा निकालाने बदलणार आहे त्याने मत द्यायचं नाही, हे आम्ही नंतर लिहिलं. त्या रात्री ते पाळलं असतं तर मास्तर, टॅक्सवाला, डॉक्टर बाहेर, मी पण बाहेर, आणि चार जण उरले असते, परत २-२ ची भीती. म्हणून बरोबरी झाली तर बाहेरच्या एका माणसाला विचारायचं ठरलंय, मास्तरांच्या जुन्या लीगमधला एक जण तयार झाला. माझ्या बाबांचं नाव पुणेकराने सुचवलं होतं, पण ते बेसबॉलमध्ये अजून तिसऱ्या स्ट्राइकपर्यंतच पोचलेत. नियम बदलायला आता आठपैकी सहा मतं, आणि सीझन चालू असताना केलेला बदल पुढच्या सिरीजपासूनच लागू.

मला अजून खटकतं ते प्लेऑफचं. रात्री साडेअकराला, अर्धे लोक कोट घालून उभे असताना तो निर्णय घ्यायलाच नको होता. प्लेऑफला अजून अडीच महिने होते. आठवडाभर थांबलो असतो तर मुद्दाम दिलेल्या वॉकचं कोणाच्या तरी डोक्यात आलं असतं, निदान टॅक्सवाल्याच्या तरी.

पुढच्या वर्षी आम्ही १९५७ घेतलं. आता मुद्दाम दिलेला वॉक मोजत नाही, हे लिहून झालं होतं. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी टॅक्सवाल्याचा मला फोन, नियमात १६२ लिहिलंय, १९५७ ला सीझन १५४ मॅचचा होता, भागायचं कशाने? मी म्हटलं तू कोणावर डोळा ठेवलायस ते सांग आधी. बॉब हेझल म्हणे. मिलवॉकी ब्रेव्ह्जचा, जुलैच्या शेवटी टीममध्ये आला, ४१ मॅच, १३४ अ‍ॅट-बॅट, सरासरी .४०३, लोक त्याला हरिकेन म्हणायचे, आणि ब्रेव्ह्ज त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले. १६२ ने भागलं की १५४ ने, फरक त्याच्या बाबतीत तीनेक पीएचा. मी त्याच रात्री "१६२" खोडून "त्या वर्षीच्या खऱ्या सीझनच्या मॅच" असं केलं आणि सहा जणांची मतं मेसेजवर घेतली.

दुसऱ्या दिवशी हेझलला डॉक्टरने नेलं, टॅक्सवाल्याच्या एक नंबर आधी, चौथ्या फेरीत. यावेळी विकणार नाही म्हणतो.